नर्सबाईंचा पंखा

माझा नवरा भल्या पहाटे उठून दुसऱ्या बाईच्या दारात जाऊन उभा राहायचा. विचारलं, कशाला, तर म्हणायचा, पंख्याचा आवाज ऐकायला. तुम्ही विश्वास ठेवला असता? मग मीही ठेवला नाही. लोक म्हणतात, हिचा स्वभावच संशयी. असू दे संशयी. दारात उभा राहणारा नवरा माझा होता, लोकांचा नव्हता.

आधी पंख्याचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हा छताचा पंखा नव्हे. जुन्या डिझेल गाड्यांच्या इंजिनापुढे, रेडिएटरच्या मागे, एक मोठा पंखा असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो. पण इंजिन गार असताना त्याने जोरात फिरून उपयोग काय? उगाच डिझेल खायचं. म्हणून मध्ये एक क्लच असतो, जाडजूड ताटलीसारखा. आत चकत्या आणि मधासारखं दाट तेल. इंजिन तापलं की तेल चकत्यांमध्ये शिरतं आणि क्लच पंख्याला पकडतो. निवलं की सोडतो. पकडला आणि सुटला, आमच्या घरात दिवसभर हेच दोन शब्द ऐकू यायचे.

आमचे हे आयुष्यभर तेवढंच करत आले. बिघडलेला क्लच उघडायचा, धुवायचा, नवं तेल भरायचं, बेअरिंग बदलायचं, बंद करायचा. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं होतं, मुलगा करतो काय? कोणीतरी सांगितलं, पंखे दुरुस्त करतो. वडिलांना वाटलं, छताचे. जावई पहिल्यांदा घरी यायचा म्हणून त्यांनी बंद पडलेले दोन पंखे माळ्यावरून काढून, पुसून ठेवले होते. ह्यांनी तेही दुरुस्त करून दिले, पण परत येताना म्हणाले, “तुझ्या बाबांना सांग, हे काही माझं काम नव्हे.”

सुरुवात ह्यांनी बस डेपोत केली. तिथला मुख्य मेकॅनिक बिघडलेले क्लच भंगारात टाकायचा, आणि हे ते उचलून घरी आणायचे. सासूबाईंच्या स्वयंपाकघरातली एक परात ते धुण्यातच गेली. मग स्वतःचं गॅरेज झालं. खाली गॅरेज, वर आमच्या दोन खोल्या आणि मागच्या खोलीत माझी नणंद. पुढच्या बाजूला काउंटर आहे, तिथे मी बसते. पट्टे, होजपाइप, पाती, क्लिपा, सगळं माझ्या हाताखाली. बाकीच्या गॅरेजात असा क्लच आला की सरळ वेल्डिंग करून जाम करून टाकतात. मग पंखा कायम पकडलेला, गाडी कायम ओरडत असते. ह्यांना ते बघवत नाही. “अरे, खून केलाय खून,” असं म्हणतात आणि जाम क्लच पाहून खरोखर जेवत नाहीत.

ह्यांचं हत्यार म्हणजे पाना नव्हे, कान. त्यामागेही गंमत आहे. गाडी रात्रभर उभी राहिली की ते दाट तेल खाली, चकत्यांमध्ये उतरून बसतं. त्यामुळे सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू केलं की पंखा दणदणून गरजतो. थोड्या वेळात तेल मागे ढकललं जातं आणि आवाज खाली बसतो. म्हणजे क्लच सुटला. गर्जना झालीच नाही तर तेल गळालंय. झाली आणि बसलीच नाही तर क्लच अडकलाय. आणि ह्या सगळ्याच्या खालून बेअरिंगची बारीक कुरकुर आली, तर ते सगळ्यात वाईट. बेअरिंग निसटलं की पंखा पुढे येऊन रेडिएटर फाडतो, मग मागे ट्रक असो की पुढे चढ असो, गाडी आहे तिथे संपली. आणि हे सगळं ऐकायची वेळ दिवसातून एकदाच येते, पहाटे, गाडी गार असताना. एकदा का गाडी चालली, की मग दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा.

म्हणजे बघा, ह्यांनी दिलेलं कारण इतकं पक्कं होतं की त्यावर धड भांडताही येईना. त्याचाच जास्त राग यायचा.

ती बाई म्हणजे टेकडीवरच्या नर्सबाई. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. पांढरे केस पोरासारखे कापलेले, उंच, ताठ, आणि हसणं असं की रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यालाही ऐकू जावं. त्यांच्याकडे एक लांबलचक राखाडी डिझेल गाडी आहे, त्यांच्याच वयाची वाटेल अशी. ती गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की पंख्याच्या आवाजाने माझ्या काउंटरवरच्या क्लिपा थरथरायच्या. बाई उतरायच्या, “काय मास्तर!” म्हणायच्या, आणि आमचे मास्तर हसायचे.

इथेच माझ्या पोटात पहिल्यांदा दुखायला लागलं. हे हसायचे. अहो, ह्या माणसाला मी हसताना फार कमी वेळा पाहिलंय. लग्नाच्या फोटोत बघा, एखाद्याने अंगावर पोलीस घातल्यासारखा चेहरा आहे. आणि ह्या बाई काहीतरी बोलतायत, हा माणूस मान डोलावतोय आणि हसतोय. मी काउंटरवरून विचारलं, “एवढं काय हो हसण्यासारखं?” तर माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

मग हळूहळू सगळं टेकडीवर जायला लागलं. पूर्वी हे पहाटे खाली गॅरेजात उतरायचे, मुक्कामाला असलेल्या गाड्या एकेक सुरू करून ऐकायचे. ते बंद झालं. आता काय, दुरुस्त केलेला क्लच संध्याकाळी घेऊन निघायचं, नर्सबाईंच्या गाडीला बसवायचा, आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच पुन्हा चढ चढून जायचं. परवा एक क्लच, आज दुसरा, उद्या तिसरा. मी म्हटलं, एका गाडीला इतके क्लच? गाडी आहे की दुकान? त्यावर हे म्हणाले, “हो, दुकान वेळेवर उघडतो ना.” मला वाटलं, टाळतायत. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

नेण्याची पद्धतही बघा. हा क्लच आडवा ठेवायचा नसतो. आडवा ठेवला की तेल नको तिथे शिरतं. तो गाडीला जसा बसतो तसाच उभा न्यावा लागतो. तर हे त्याला कापडात गुंडाळून, छातीशी उभा धरून न्यायचे, तान्ह्या बाळासारखा. आणि कापड कोणतं? माझ्या उशीचा अभ्रा! चांगला, फुलाफुलांचा. मी विचारलं, गॅरेजात चिंध्या संपल्या का? तर पुन्हा हसले. मी भांडतेय आणि हा माणूस हसतोय. मी त्या रात्री बिनअभ्र्याच्या उशीवर झोपले आणि मुद्दाम त्यांना दिसेल असं झोपले.

समोरचा टायरवाला तर माझ्या जिवावरच उठला होता. टायर नुसता हवेने फुगतो, पण हा मेला दुसऱ्याच्या संसारावर फुगतो. “वहिनी,” तो म्हणायचा, “मास्तर आज दाढी करून गेले हो टेकडीवर.” मी म्हणायचे, “माणसाने दाढी करू नये काय?” “करावी की. पण पंख्याला काय कळतंय दाढी केली की नाही.” मी त्याला झाडून टाकायचे, पण शब्द आत जाऊन बसायचे.

आणि ते निरोप! हे सर्वांवर कडी. कधी पाऊसपाण्याने ह्यांना जाता आलं नाही, तर नर्सबाई काउंटरवर फोन करायच्या. ह्यांनी स्वतः फोन उचलणं सोडूनच दिलं होतं, वाजला तरी माझ्याकडे बोट दाखवायचे. मी उचलायचे. पलीकडून तो खणखणीत आवाज: “ताई, मास्तरांना सांगा, सुटला. छान सुटला.”

“कोण सुटला?”

“त्यांना कळेल हो. आणि सांगा, मी अंगणातच उभी होते.”

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मला माहीत होतं, क्लच सुटला. पण बायकोच्या तोंडून नवऱ्याला निरोप, आणि तोही असा, की कोणी बाहेरचा ऐकेल तर काय म्हणेल! मी आत जाऊन म्हणायचे, “त्यांचा निरोप आहे, सुटला.” हे हातातला पाना थांबवून वर बघायचे. “काय?” “सुटला!” “काय म्हणालीस?” तीनतीनदा वदवून घ्यायचे माझ्याकडून. मला वाटायचं, ह्यांना गोड लागतंय ऐकायला. चवीचवीने ऐकतायत. शेवटच्या वेळी मी असं ओरडले की रस्त्यावरचा कुत्रा उठून गेला.

नणंदेकडे मन मोकळं करायला गेले तर ती भावाचीच बाजू घेणार. “वहिनी, आमचा दादा तसला नाही.”

“कसला?”

“म्हणजे... त्याला जमायचंच नाही गं ते. त्याला तुझ्याशीच बोलायला आठवडा लागतो.”

“तेच म्हणतेय मी. माझ्याशी बोलायला आठवडा, आणि तिच्याकडे रोज पहाटे.”

नणंदेने दार ओढून घेतलं. तिलाही हल्ली वाटायला लागलं होतं काहीतरी. म्हणाली, दादा आजकाल जेवताना आपल्या तोंडाकडे टक लावून बघतो, मी विचारलेल्याची भलतीच उत्तरं देतो. मी म्हटलं, मनात चोर असला की माणूस असाच वागतो. जेवणाच्या टेबलावर जागासुद्धा बदलली होती त्यांनी. पूर्वी शेजारी बसायचे, आता समोर. नजरेला नजर देऊन खोटं बोलायची तयारी, दुसरं काय!

मी ठरवलं, आता डोळ्यांनी बघायचं. हे पहाटे उठले, पाय न वाजवता चपला घालून गेले. मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते. ते जिना उतरले तशी मी स्वेटर चढवला आणि निघाले. टेकडीचा रस्ता वळणावळणाचा आहे, दिवे लांब लांब. पुढे ह्यांची पाठ दिसत होती. एकदा माझ्या पायाखालून दगड घरंगळला, केवढा तरी आवाज झाला. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. हे वळले नाहीत. म्हटलं, बघा, किती ओढ लागलीय.

नर्सबाईंचं घर बैठं आहे, पुढे सिमेंटचं अंगण, कडेला मेंदीचं कुंपण. मी कुंपणाआड उभी राहिले. अंगणात दिवा होता. गाडीचं बॉनेट उघडं. नर्सबाई गाऊनवर शाल घेऊन ड्रायव्हरच्या जागी बसलेल्या, दार सताड उघडं, एक पाय बाहेर. आणि हे बॉनेटपाशी, एक तळवा गाडीच्या पत्र्यावर ठेवून. आता खरा कारागीर असेल तर पंख्याकडे बघेल की नाही? पण हे पंख्याकडे बघतच नव्हते. त्या बाईच्या तोंडाकडे बघत होते. असे, की माझ्याकडे कधी बघितलं नसेल.

बाईंनी चावी फिरवली. पंखा गरजला. सगळी टेकडी दणाणली म्हणा ना. त्या गोंगाटात ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलेली. बाईंनी एक हात वर केला, उंच, आणि आवाज जसा खाली यायला लागला तसा तो हात हळूहळू खाली आणला. ह्यांचे डोळे त्या हातावर. मग हात गुडघ्यावर टेकला आणि बाईंनी मान हलवली. हेही मान हलवून हसले. इंजिन बंद झालं. अंगण एकदम शांत झालं. हे माझ्याकडे पाठ करून पंख्यावर वाकले.

माझ्याच्याने राहवेना. कुंपणाच्या फटीतून आत शिरले, बाही फाटली तरी थांबले नाही. “अहो!” मी म्हटलं. हे वाकलेलेच. “अहो, तुमच्याशी बोलतेय!” नर्सबाई दचकून गाडीतून उतरल्या. हे मात्र ढिम्म. मग माझं जे तोंड सुटलं! इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. उशीचा अभ्रा, दाढी, निरोप, हसणं, “म्हातारपणी लाज वाटत नाही का” इथपासून “मी आजच माझ्या बहिणीकडे जाते” इथपर्यंत. ह्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर उभी राहून मी ओरडत होते. शेजारच्या घरात दिवा लागला.

आणि हे पंख्याचं पातं बोटाने फिरवत, अगदी निवांत आवाजात म्हणाले, “बाई, आज बरा वाटतोय. तरी उद्या बेअरिंग एकदा बघू या.”

राग करून दुर्लक्ष करणारा माणूस मला कळतो, त्याचे खांदे बोलतात. ह्यांचे खांदे सैल होते. त्यांच्या मागे कोणी आहे, हेच त्या पाठीला माहीत नव्हतं.

नर्सबाईंनी पुढे होऊन त्यांच्या दंडाला हात लावला आणि माझ्याकडे बोट केलं. हे वळले. मला बघून त्यांचा चेहरा असा पडला, की मला माझे सगळे शब्द परत गिळावेसे वाटले. तुम्ही म्हणाल, मग गिळले का? नाही. कारण त्यांच्या दंडावर त्या बाईचा हात अजून होता.

घरात नेऊन बाईंनी चहा केला. मी घेतला नाही. त्यांनीच सगळं सांगितलं. गेल्या वर्षी त्या गाडी घेऊन आल्या होत्या, बेअरिंग एवढं कुरकुरत होतं की टायरवालासुद्धा दुकानाबाहेर आला. हे बॉनेटमध्ये डोकं घालून ऐकून म्हणाले, “एकदम ठीक आहे.” बाईंना तेव्हाच शंका आली. “मी जन्मभर म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम केलंय, ताई,” त्या म्हणाल्या. “ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं हसतात. समोरचा काय बोलला ते कळलं नाही की नुसती हसतात. मास्तर फार हसायला लागले होते.”

मग बाईच ह्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, जन्मभर गरजणाऱ्या पंख्यांशेजारी उभं राहून कान गेलाय. मशीन लावलं तर बोलणं थोडं कळेल, पण गॅरेजात नुसता खडखडाट ऐकू येईल, पंख्याचं काही समजायचं नाही. ह्यांनी मशीन घेतलंच नाही. ते लावलं तर सगळ्या बाजाराला कळेल, आणि कान गेलेल्या पंखेवाल्याकडे कोण क्लच देणार? तेव्हा बाईंनीच तोड काढली. त्यांची गाडी आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या, सगळ्यांना एकाच मापाचा क्लच. संध्याकाळी तो बसवायचा, पहाटे बाई सुरू करणार, ऐकणार आणि हाताने दाखवणार. ह्यांच्या स्वतःच्या हाताला वारा कळतो, पत्र्यातून थोडी थरथर कळते, पण बेअरिंगची कुरकुर हाताला कळत नाही.

ते सगळं मी ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आतून काय जळत होतं ते सांगते. नवऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं काम बायकोचं. तेही हिने केलं! ह्यांचं एखादीशी काही असतं ना, तर मी भांडले असते, रडले असते, बहिणीकडे गेले असते, आणि कधी तरी परत आले असते. पण ह्यांचं सगळ्यात मोठं दुःख ह्या बाईला ठाऊक, आणि मी शेजारच्या उशीवर झोपून त्या उशीच्या अभ्र्यासाठी भांडतेय!

मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले. तोंड त्यांच्या तोंडासमोर आणून विचारलं, “मला का नाही सांगितलं?”

ह्यांनी चहाची बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, “तू काउंटरवर बसतेस. गिऱ्हाईक तुलाच विचारतं, मास्तरांनी ऐकला का म्हणून. तुला खोटं बोलता येत नाही. तुझ्या तोंडावर लगेच येतं.”

खरं होतं ते. म्हणून आणखीच झोंबलं.

“उद्यापासून मी ऐकणार,” मी म्हटलं. नर्सबाईंकडे बघून म्हटलं. “गाडी तुमची. चावी तुम्ही फिरवा. कान माझा.”

“अहो, उत्तमच!” बाई म्हणाल्या आणि त्यांचं ते खणखणीत हसू हसल्या. ती खरंच खूश झाली होती, ही बाई. त्याचाही मला रागच आला. निदान थोडं तरी वाईट वाटून घ्यायचं!

दुसऱ्या पहाटे आम्ही दोघं चढ चढलो. क्लच माझ्या छातीशी, उभा, अभ्र्यासकट. आदल्या संध्याकाळी तो बसवायचा राहिला होता, पण तो रात्रभर तसाच उभा होता म्हणून चालणार होतं. ह्यांनी गाडीतला कालचा काढला, हा बसवला. त्याचा नट उलटा फिरतो, नवशिका सुलटा फिरवत बसतो आणि आणखी आवळून ठेवतो. ह्यांचे हात अंधारातही चुकत नाहीत. मी बॉनेटच्या एका बाजूला उभी राहिले, नर्सबाई गाडीत.

चावी फिरली. गर्जना झाली. आवाज बसायला लागला. मी कान देऊन ऐकत होते, जन्मभर काउंटरवर बसून हेच आवाज ऐकलेत मी. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि तेवढ्यात ह्यांची नजर क्षणभर, नुसती क्षणभर, सवयीने त्या बाईच्या हाताकडे गेली.

बाईंनी हात गुडघ्यावर टेकवला. “छान आहे,” त्या म्हणाल्या.

“नाही,” मी म्हटलं. “कुरकुरतंय.”

“मला नाही हो ऐकू आलं काही.”

“मला आलं. बेअरिंग कुरकुरतंय.” ह्यांना दिसेल असं, एकेक अक्षर तोडून म्हटलं.

काही ऐकू आलं नव्हतं. पंखा लोण्यासारखा चालला होता. पण तिने छान म्हटलं आणि माझ्या तोंडून नाही निघालं, बस्स.

ह्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मला वाटलं, आता बाईंना विचारतील. मला ते बघायचंच होतं आणि बघवणारही नव्हतं. पण त्यांनी काही विचारलं नाही. इंजिन बंद करायची खूण केली, पाना घेतला आणि क्लच उतरवला. अंगणातच पोतं पसरलं. क्लच उघडला, ते दाट तेल वाटीत निथळू दिलं, चकत्या पुसल्या, बेअरिंग काढलं, बोटांत धरून फिरवलं. माझ्या कानाशी नेऊन फिरवलं. काहीच आवाज नव्हता. मी मान खाली घातली. त्यांनी बेअरिंग परत बसवलं, तेल भरलं, क्लच बंद केला. उजाडून चांगलं ऊन आलं तोवर. बाईंनी दोनदा चहा आणून ठेवला आणि दोन्ही वेळा गार झाला. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला त्यासाठीही त्या आवडल्या नाहीत.

उतारावरून परत येताना मी ह्यांच्या बाजूने चालत होते. “खोटं बोलले मी,” म्हटलं. हे चालतच राहिले. मग आठवलं. मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर आडवी उभी राहिले. दूधवाला सायकलवरून वळून बघत गेला, बघू दे. “खोटं बोलले मी,” पुन्हा म्हटलं. “काही कुरकुरत नव्हतं.”

“माहीत आहे,” हे म्हणाले. “परवाच नवं बेअरिंग घातलंय त्यात मी.”

“मग सगळं उघडत का बसलात?”

“तू म्हणालीस म्हणून.”

ह्यांनी माझ्या फाटलेल्या बाहीकडे बघितलं, तिची टोकं जुळवून नीट केल्यासारखं केलं.

“उद्याचा क्लच शाळेच्या गाडीचा आहे,” ते म्हणाले. “त्यात पोरं बसतात. मी काही पडताळून बघू शकणार नाही. तू सुटला म्हणालीस तर मी तो बसवून देणार.”